मग्दालीया मरीया : साक्षीदाराची पापिणी कशी झाली?

२००६ साली 'द दा विंची कोड' हा चित्रपट भारतात आला तेव्हा ख्रिस्ती संघटनांनी त्याला विरोध केला. गोव्यासह काही राज्यांनी तो लागू दिला नाही. इतरत्र ही कथा काल्पनिक असल्याची पाटी आधी दाखवून तो लागला. मुंबईत काही मुस्लिम संघटनांनीही त्या विरोधाला पाठिंबा दिला होता, कारण हजरत ईसा (अ.स.) आपलेही पैगंबर आहेत. पुढे मात्र आपल्याकडे उलटाच प्रकार सुरू झाला. त्याच कादंबरीतले दावे, ती कादंबरी आहे हे न सांगता, 'चर्चने लपवलेले सत्य' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरू लागले. येशूचे मग्दालीया मरीयेशी लग्न झाले होते, त्यांचा वंश फ्रान्समध्ये वाढला, मूळ ख्रिस्ती धर्मात देवीतत्त्वाची उपासना होती, ती सम्राट कॉन्स्टंटाईनने निकियाच्या परिषदेत मोडून काढली आणि शेकडो ग्रंथ जाळून चारच ठेवले. पाठवणाऱ्याचा हेतू स्पष्ट असतो : पाहा, त्यांच्या धर्मात किती फेरफार झाले!

फेरफाराचा प्रश्न गंभीर आहे आणि कुरआन वाचणाऱ्याला तो परका नाही. म्हणूनच तो खोट्या पुराव्यांवर उभा करू नये. निकियाची परिषद इ.स. ३२५ मध्ये भरली ती प्रामुख्याने एरियसच्या वादामुळे. पुत्र हा पित्यासारखाच अनादि आहे की पित्याने निर्माण केलेला आहे, हा तो वाद. परिषदेचे २० नियम आजही उपलब्ध आहेत. कोणता ग्रंथ ठेवायचा आणि कोणता टाकायचा याबद्दल त्यांत एकही नियम नाही. चार शुभवर्तमाने मानावीत असे इरेनियस नावाचा बिशप त्याआधी सुमारे दीडशे वर्षे लिहून गेला होता, आणि आजच्या नव्या करारातल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी मिळते ती निकियानंतर ४२ वर्षांनी, ३६७ साली, अलेक्झांड्रियाच्या अथानासियसच्या पत्रात. फ्रान्समधल्या वंशाची राखण करणारी 'प्रायरी ऑफ सायन' ही प्राचीन गुप्त संघटना म्हणजे १९५६ साली एका फ्रेंच गृहस्थाने नोंदवलेले मंडळ होते. त्याची 'प्राचीन' कागदपत्रे पुढे १९६० च्या दशकात तयार करून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवून देण्यात आली.

लग्नाच्या दाव्यासाठी कादंबरीत 'फिलिपचे शुभवर्तमान' या ग्रंथाचा आधार दिला आहे. त्यात मरीयेला येशूची 'सोबतीण' म्हटले आहे, आणि अरामी भाषेत या शब्दाचा अर्थ पत्नी असाच होतो, असे कादंबरीतला विद्वान सांगतो. गंमत अशी की हा ग्रंथ अरामीत नाहीच, तो कॉप्टिक भाषेत आहे आणि त्यातला मूळ शब्द ग्रीक आहे : 'कोइनोनोस', म्हणजे भागीदार, सहकारी, सोबती. येशू तिचे चुंबन घेत असे, असे सांगणारे प्रसिद्ध वाक्य आहे तिथे पानाला भोक पडलेले आहे. कुठे, हा शब्द गेला आहे. लोकांनी तो आपल्या आवडीप्रमाणे भरला. २०१२ साली तर हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरेन किंग यांनी रोममधल्या एका परिषदेत पपायरसचा छोटा तुकडा जाहीर केला, त्यात येशूच्या तोंडी 'माझी पत्नी' असे शब्द होते. जगभर मथळे झाले. चार वर्षांत तो तुकडा बनावट निघाला. बनवणाऱ्याने 'थॉमसचे शुभवर्तमान' या ग्रंथाची इंटरनेटवरची प्रत वापरली होती, आणि त्या प्रतीतली छपाईची चूकही तुकड्यावर जशीच्या तशी उतरली होती. तो बहुधा बनावट असावा, हे खुद्द किंग यांनी २०१६ मध्ये मान्य केले.

तेव्हा लग्न आणि वंश हा विषय इथे संपवू. मग्दालीया मरीयेवर खरोखर अन्याय झाला, आणि तो कुठल्याही गुप्त तळघरात झालेला नाही. तो भर चर्चमध्ये, प्रवचनाच्या व्यासपीठावरून झाला. त्याचे शब्द छापील उपलब्ध आहेत.

आधी मूळ चार शुभवर्तमाने काय सांगतात ते पाहू. मरीया ही गालील सरोवराच्या काठावरच्या मग्दाला गावची. लूक आठव्या अध्यायात सांगतो की येशू गावोगाव फिरत असताना बारा शिष्यांबरोबर काही स्त्रियाही होत्या : जिच्यातून सात भुते निघाली होती ती मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि इतर पुष्कळ. या स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्या सर्वांचा खर्च चालवत असत. म्हणजे ही स्वतःच्या मिळकतीची, स्वतःच्या निर्णयाने घराबाहेर पडलेली बाई. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावरून तिची ओळख दिलेली नाही, गावावरून दिली आहे. त्या काळच्या लिखाणात हे विशेष आहे. वधस्तंभाच्या वेळी शिष्य पांगले, त्या स्त्रिया थांबल्या. कबरीकडे सकाळी कोण गेले याबद्दल चारही ग्रंथांत तपशिलाचे फरक आहेत, पण एक नाव चारही ठिकाणी आहे, ते तिचे. योहानाच्या वृत्तांतात ती एकटीच कबरीबाहेर रडत उभी आहे, समोरच्या माणसाला माळी समजते, आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखते. शिष्यांना जाऊन सांग, असा निरोप तिलाच मिळतो. लूकच्या वृत्तांतात तर स्त्रियांनी येऊन सांगितलेले प्रेषितांना खरेच वाटत नाही.

मुसलमान म्हणून वधस्तंभ आणि पुनरुत्थान या दोन्ही बाबतींत आपली श्रद्धा वेगळी आहे, हे उघड आहे. पण इथे प्रश्न त्या घटनेचा नाही. ज्या समाजाचा सगळा धर्म या एका साक्षीवर उभा आहे, त्याने पहिल्या साक्षीदाराचे काय केले, हा प्रश्न आहे.

सुरुवात फार लवकर झाली. पौलाने करिंथकरांना पत्र लिहिले ते इ.स. ५५ च्या आसपास, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधी. त्यात येशू कोणाकोणाला दिसला याची यादी आहे : केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, सर्व प्रेषित, शेवटी पौल स्वतः. मरीयेचे नाव नाही. का नाही? दुसऱ्या शतकातला ग्रीक टीकाकार सेल्सस याने ख्रिस्ती लोकांची टर उडवताना नेमके हेच विचारले होते की हे पाहिले कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने! बाईची साक्ष ही चेष्टेची गोष्ट होती, आणि ज्यांना बाहेरच्या जगाला पटवायचे होते त्यांना ती अडचणीची वाटली असणार. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांनी ती तरीही ठेवली, याचे मला अधिक आश्चर्य वाटते.

आता ते प्रवचन. इ.स. ५९० साली पोप पेलागियस दुसरा रोममध्ये प्लेगने मेला आणि त्याच्या जागी ग्रेगरी आला, ज्याला इतिहास 'थोर ग्रेगरी' म्हणतो. शहर उपासमारीने आणि साथीने अर्धमेले झालेले. अशा वेळी, ५९१ च्या सुमारास, लूकच्या सातव्या अध्यायावर प्रवचन करताना त्याने सांगितले की लूक जिला पापी स्त्री म्हणतो, योहान जिला मरीया म्हणतो आणि मार्क जिच्यातून सात भुते निघाली म्हणतो, ती एकच स्त्री होय असे आम्ही मानतो. सात भुते म्हणजे सगळे दुर्गुण. आणि जे सुगंधी तेल तिने येशूच्या पायांना लावले, तेच ती पूर्वी आपल्या देहाला वाईट कामासाठी लावत असे.

एका दमात तीन बायकांची एक बाई झाली. पहिली, लूकच्या सातव्या अध्यायातली, जेवणाच्या पंगतीत येऊन अश्रूंनी येशूचे पाय भिजवून केसांनी पुसणारी. तिचे नाव दिलेले नाही, आणि तिचे पाप कोणते तेही लूक सांगत नाही. दुसरी, बेथानी गावची मरीया, मार्थेची बहीण, सुस्थितीतल्या घरची, तिनेही तेल ओतले आहे. तिसरी मग्दालीया. गावे वेगळी, प्रसंग वेगळे. सात भुते लागणे म्हणजे त्या काळच्या भाषेत आजार. शुभवर्तमानांत भूतबाधा झालेले पुरुष पुष्कळ आहेत, त्यांतल्या एकालाही कोणी बदफैली ठरवले नाही.

ग्रेगरीचा हेतू वाईट नव्हता, हेही म्हटले पाहिजे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांना तो सांगत होता की कितीही पाप केले असले तरी परतीची वाट आहे. तौबेची गोष्ट सांगायला त्याला एक चेहरा हवा होता. तो एका अशा बाईचा घेतला की जिच्या हातून ते पाप झाल्याची नोंद कुठेही नाही. पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मान्य केले नाही. ग्रीक आणि सिरियन परंपरेत या तीन स्त्रिया वेगळ्याच राहिल्या, आणि ग्रीक चर्च मग्दालीयेला आजही 'प्रेषितांच्या बरोबरीची' म्हणते. पश्चिमेत मात्र पुढची जवळजवळ चौदाशे वर्षे ग्रेगरीचीच मरीया चालली. चित्रकारांना तर ती फारच सोयीची पडली. धार्मिक विषयाच्या नावाखाली उघड्या खांद्यांची, मोकळ्या केसांची बाई काढता येऊ लागली. टिशियनची मरीया पाहिली की तौबा कुठे आहे ते शोधावे लागते.

हे चित्रांपुरते राहिले असते तर मी इतके लिहिले नसते. जुन्या गोव्यात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात 'वाट चुकलेल्या' म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांना ठेवण्यासाठी एक आश्रयगृह निघाले. त्याला नाव दिले सांता मारिया माग्दालेना. कुलीन अनाथ मुलींसाठी वेगळे गृह होते, तिथे नाव दुसऱ्या मरीयेचे, 'आवर लेडी'चे. लंडनमध्ये १७५८ साली आणि डब्लिनमध्ये १७६७ साली मॅग्डालेन नावाची अशीच गृहे निघाली, आणि आयर्लंडमध्ये त्यांची पुढे धोबीघरे झाली. कुमारी माता, अत्याचार झालेल्या मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली, काही नुसत्या दिसायला चांगल्या म्हणून 'धोक्यात' समजल्या गेलेल्या, या तिथे आणून सोडल्या जात. विनामजुरी कपडे धुवायचे. नावे बदलली जात. कित्येक जणी तिथेच मेल्या. १९९३ साली डब्लिनमधल्या एका कॉन्व्हेंटने जमीन विकली तेव्हा दफनभूमीतून १५५ स्त्रियांचे अवशेष निघाले, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या मृत्यूची नोंदसुद्धा नव्हती. शेवटचे धोबीघर बंद झाले १९९६ मध्ये. सरकारी चौकशीनुसार १९२२ नंतर सुमारे १०,००० स्त्रिया या धोबीघरांतून गेल्या, आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत त्यांची माफी मागितली. या सर्व बायका ज्या मरीयेच्या नावाने 'पश्चात्ताप' करत होत्या, तिने स्वतः तसला पश्चात्ताप केल्याचा एक शब्द बायबलमध्ये नाही.

कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये आपले पंचांग सुधारले तेव्हा मग्दालीयेच्या दिवसाचे पाठ बदलून तिला त्या पापी स्त्रीपासून वेगळे केले. जाहीर खुलासा वगैरे नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला आणि 'प्रेषितांची प्रेषित' ही तिची मध्ययुगीन पदवी अधिकृतपणे वापरली. थॉमस अक्वायनस तेराव्या शतकातच ती पदवी वापरत होता! म्हणजे एकाच चर्चमध्ये एकीकडे तिला प्रेषित म्हणत होते आणि दुसरीकडे तिच्या नावाने कोंडवाडे उघडत होते.

आता 'देवीतत्त्वा'कडे येऊ. कादंबरीचा दावा भडक आहे, पण विषय पोकळ नाही. हिब्रूत 'रूआख' आणि सिरियाकमध्ये 'रूहा' हे शब्द स्त्रीलिंगी आहेत. अरबीत रूह दोन्ही लिंगांत चालतो. आपण घरात उर्दू किंवा दखनी बोलतो त्यात रूह काँपती है, काँपता नहीं. मराठी बायबलमधला 'पवित्र आत्मा' मात्र पुल्लिंगी. सुरुवातीच्या सिरियाक ख्रिस्ती लेखकांच्या कानाला हा आत्मा स्त्रीच होता, आणि त्यांनी तसेच लिहिले. चौथ्या शतकात इराणी साम्राज्यात राहणारा अफ्राहात म्हणतो की अविवाहित माणूस आपला पिता देव आणि आपली आई पवित्र आत्मा यांच्यावर प्रेम करतो. हा काही बंडखोर नव्हता, आपल्या चर्चचा मान्यवर होता. 'इब्री लोकांचे शुभवर्तमान' या आज हरवलेल्या ग्रंथात येशू पवित्र आत्म्याला आपली आई म्हणतो, हे ओरिजेनने नोंदवून ठेवले आहे. पुढे पाचव्या-सहाव्या शतकात, ग्रीक धर्मशास्त्राचा प्रभाव वाढला तसे, सिरियाक लेखक त्याच शब्दाला पुल्लिंगी क्रियापदे लावू लागले. व्याकरण मोडून. आणि संत जेरोम याने या सगळ्यावर एक शहाणपणाची गोष्ट लिहिली आहे : आत्मा हा शब्द हिब्रूत स्त्रीलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी, ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे, तेव्हा ईश्वराला लिंग नाही हे समजून घ्यावे. तौहीद मानणाऱ्याला यात जोडण्यासारखे काही उरत नाही.

दुसरा प्रवाह ज्ञानवादी म्हणजे नॉस्टिक पंथांचा. १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मुहम्मद अली नावाच्या शेतकऱ्याला मातीच्या मडक्यात चामडी बांधणीची कॉप्टिक पुस्तके मिळाली. सापडण्याच्या किश्श्यातले काही तपशील आता अभ्यासक संशयाने पाहतात, पण पुस्तके खरी आहेत : १३ बाडे, पन्नासच्या आसपास ग्रंथ. त्यांपैकी एकात येशू प्रत्यक्षात सुळावर गेला नाही असे आहे, आणि ते आपले वक्ते मोठ्या आनंदाने सांगतात. त्यांनी त्याच बाडांतला 'अधिपतींचे सत्य स्वरूप' हा ग्रंथही वाचावा. त्यात या जगाचा निर्माता घोषणा करतो की मीच ईश्वर, माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. आणि वरून आवाज येऊन त्याला सांगतो की तू चुकतो आहेस, तू आंधळा आहेस. हे आहे तिथले 'दडपलेले' तत्त्वज्ञान. त्यांची देवी सोफिया हिच्या चुकीतून हे जड जग जन्मले. म्हणजे दोष फिरून स्त्रीवरच. आणि 'थॉमसचे शुभवर्तमान' याच्या शेवटी पेत्र म्हणतो की मरीयेला इथून जाऊ द्या, बायका जीवनाला पात्र नाहीत, तर येशूचे उत्तर असे की मी तिला पुरुष बनवीन. स्त्रीमुक्तीचा हरवलेला जाहीरनामा म्हणून ज्यांनी हे ग्रंथ डोक्यावर घेतले, ते इथे पोहोचलेले दिसत नाहीत. हवे ते वाक्य उचलून नको ते सोडायचे, हा रोग त्यांनाही आहे आणि आपल्यालाही.

कुरआनशी थेट संबंध येतो तो दुसऱ्या मरीयेचा, हजरत मरियम (अ.स.) यांचा. सूरह माइदामध्ये प्रश्न आहे की ईसा, तू लोकांना म्हणालास का की अल्लाहखेरीज मला आणि माझ्या आईला दोन देव माना? यावरून पाश्चात्य टीकाकार म्हणत आले की कुरआनला ख्रिस्ती त्रैक्य समजले नाही, कारण त्यात आई नसते. पण चौथ्या शतकात एपिफानियस या बिशपने अरबस्तानातल्या काही स्त्रियांबद्दल तक्रार केली आहे, ज्या मरीयेच्या नावाने छोट्या भाकरींचा नैवेद्य करीत आणि पौरोहित्यही स्वतःच करीत. या पंथाचा आणि सातव्या शतकाचा थेट दुवा जोडणे घाईचे होईल. इतके मात्र दिसते की मरीयेची उपासना ही कोणाच्या कल्पनेतली गोष्ट नव्हती, आणि तिच्याविरुद्ध आवाज उठवणारे ख्रिस्तीही होते. एपिफानियसला जितका राग नैवेद्याचा होता, तितकाच बायकांनी पुरोहित होण्याचाही होता. आपल्या परंपरेतही हा प्रश्न एका अंगाने आला आहे. अकराव्या शतकात कॉर्डोबाच्या इब्न हज्म यांनी लिहिले की फरिश्त्याने येऊन ज्यांना अल्लाहचा संदेश दिला त्या हजरत मरियम नबी होत. बहुसंख्य उलेमांनी ते मानले नाही. पण मत नोंदले गेले, वाचले गेले, आणि इब्न हज्म इमामच राहिले.

शेवटी एक पुस्तक राहिले, जे मला या सर्वांत जवळचे वाटते. १८९६ मध्ये कैरोच्या बाजारात एका जर्मन विद्वानाने पाचव्या शतकातले एक कॉप्टिक बाड विकत घेतले. ते बर्लिनला गेले. १९१२ मध्ये छापून होत आले तोच छापखान्यात पाण्याची नळी फुटली. मग पहिले महायुद्ध, मग संपादकाचा मृत्यू, मग दुसरे महायुद्ध. ते वाचकांच्या हाती पडले १९५५ साली. त्यात 'मरीयेचे शुभवर्तमान' आहे, एका स्त्रीच्या नावाचे मिळालेले एकमेव प्राचीन शुभवर्तमान, आणि ही मरीया म्हणजे मग्दालीयाच असे बहुतेक अभ्यासक मानतात. पहिली सहा पाने नाहीत. येशू गेला आहे, शिष्य घाबरलेले आहेत, मरीया त्यांना धीर देते. पेत्र तिला म्हणतो की तुला जे सांगितले आणि आम्हाला माहीत नाही ते सांग. ती सांगू लागते, आणि नेमकी तिथलीच चार पाने गायब आहेत. पाने पुन्हा सुरू होतात तेव्हा तिचे सांगणे संपत आलेले आहे. आंद्रिया म्हणतो, मला हे पटत नाही. पेत्र म्हणतो, तो आम्हाला वगळून एका बाईशी बोलला, आता आम्ही हिचे ऐकायचे? मरीया रडते आणि विचारते की मी हे मनाने रचले असे तुला वाटते का. मग लेवी पेत्राला बजावतो की तू पहिल्यापासून तापट आहेस, त्याने तिला योग्य मानले तर तिला नाकारणारा तू कोण?

त्यानंतर ते प्रचाराला निघतात आणि ग्रंथ संपतो. कॉप्टिक प्रतीत क्रियापद अनेकवचनी आहे, 'ते' निघाले. तिसऱ्या शतकातल्या ग्रीक तुकड्यात ते एकवचनी आहे : निघाला तो फक्त लेवी.